दीड आटा

आमची मोटारसायकल माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. माझा जन्म झाला तेव्हा आप्पा तिच्यावरूनच मला बघायला आजोळी आले होते. माय सांगते, आल्या आल्या त्यांनी आधी गाडीखाली वाकून ऑइल गळतंय का ते बघितलं आणि मग पाळण्यात. मी हे फारसं मनाला लावून घेतलेलं नाही. त्या वयात मी काही गळत नव्हते असं नाही, पण माझ्याकडे बघायला बाकीचे होते.

या हिवाळ्यात गाडी उभ्या उभ्या बंद पडायला लागली. रस्त्यावर पळत असताना काही तक्रार नाही. थांबून ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की इंजिननं आपलं आपण हळू चालत राहावं, त्याला आमच्याकडे स्लो म्हणतात, ती स्लो धरेना. दोन-चार ठोके आणि गप्प. मग परत किक.

आप्पांचा मला लातूरला फोन आला. "तू ये दोन दिस. माझ्याच्यानं व्हईना."

मी शाळेत विज्ञान शिकवते. फोन आला तेव्हा समोर नववीच्या वह्या होत्या. त्या तशाच मिटल्या. 'माझ्याच्यानं व्हईना' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. येरमाळ्यापासून कळंबपर्यंत विहिरीवरच्या ज्या इंजिनांपुढं लोकांनी हात टेकले, ती या माणसानं कानानं ऐकून चालू करून दिलेली. शेती चार एकर, पण ओळख इंजिनवाले म्हणून. मला भीती वाटली, आणि ती गाडीची नव्हती.

शिवाय येणारा गुरुवार होता. गुरुवारी धाराशिवला आरटीओत गाडीची तपासणी होती. नोंदणीची मुदत संपत आलेली. तपासणीआधी पीयूसी काढायची, आणि ते यंत्र नळीत सळई घालून धूर मोजतं ते गाडी स्लोवर चालू असताना. स्लो नाही तर पीयूसी नाही, पीयूसी नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे गाडी भंगारात. गाडी गेली की आप्पा ओसरीवर बसणार. दर मंगळवारी येरमाळ्याला देवीला जायचं आणि येताना फाट्यावर चहा प्यायचा, एवढंच त्यांचं बाहेरचं जग उरलं होतं, आणि ते याच गाडीवर होतं.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. आप्पांना काचबिंदू आहे, बार्शीच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. गाडी चालवू नका असं डॉक्टर म्हणाले होते का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की काहीतरी करावं लागतं.

रजा टाकून रविवारी दुपारी मी गावी पोचले. सोमवारी सकाळी मायची भाकरीची परात मागून घेतली आणि कार्बोरेटर खोलला.

"परात कशाला? तुझं ते घासलेट आन् रॉकेल," माय कुरकुरली. तिला पेट्रोलही रॉकेलच. गेल्या वर्षी ती न्हाणीत घसरली, तेव्हापासून गुडघा वाकत नाही. ती खोलीत खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेली असते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. मशीन आता मोटारीवर चालतं, म्हणून गुडघ्याची अडचण नाही.

परातीत गाळ निघाला, तांबडा, चहाच्या चोथ्यासारखा. मला वाटलं चोर सापडला. स्लोची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी पितळी नळी काढली, तिचं भोक सुईच्या नेढ्याहून बारीक. तार घालायची नाही हे मला आठव्या वर्षी शिकवलेलं. तारेनं भोक मोठं होतं, मग ती गाडी जन्मभर पेट्रोल पिते. केरसुणीचा हीर सोलून घातला, फुंकर मारली, उजेडाला धरून बघितली. पलीकडचं आभाळ दिसलं. इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधला पुठ्ठा कडेनं फाटला होता. तिथून जादा हवा आत जात असणार म्हणून वहीच्या कव्हराचा नवा कापला. गाडी सुरू केली, जोडावर ऑइलचे थेंब सोडले. आत ओढले गेले नाहीत. जोड पक्का.

आप्पा शेजारी पाटावर बसले होते. मध्ये मध्ये एखादं अवजार हातात देत होते. देताना अवजार माझ्या हाताच्या थोडं बाजूला यायचं. मी हात सरकवून घेत होते आणि ते लक्षात न घेण्याचा प्रयत्न करत होते.

"म्या रोज सकाळी स्लो बसवतो," ते म्हणाले. "झक्क बसती. टोपी घालून, चहा पिऊन निघतो, तर फाट्यापर्यंत बंद. परत बसवतो, परत त्येच. स्क्रूची स्प्रिंग ढिली पडली आसंल. हादऱ्यानं फिरत आसंल."

स्लोचा स्क्रू म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान. आत पिळला की इंजिन जोरात, बाहेर पिळला की मंद. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. त्याच्या अंगावर एक स्प्रिंग असते, त्यामुळं तो आपल्या जागी राहतो. ती कळंबहून नवीन आणून बसवली. तोवर ओसरीवर तिघं येऊन गेले होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमच्या गावात कधी टंचाई पडलेली नाही. एकानं प्लग बदला म्हटलं, एकानं टाकी धुवा म्हटलं, तिसऱ्यानं गाडीच बदला म्हटलं. मी त्यांना चहा विचारला नाही.

संध्याकाळी स्लो बसवली. डुग, डुग, डुग. दहा मिनिटं चालू ठेवली, एक ठोका चुकला नाही. आप्पा म्हणाले, "आजून थोडी खाली घे. पळतीय. ठोकं घाईचं हायत."

"आप्पा, बरोबर आहे."

"पळतीय बाई."

दिवसभर वाकून माझी कंबर गेली होती. मी म्हणाले, "तुमचा कान आता पहिल्यासारखा राहिला नाही. मी ऐकतेय ना."

आप्पा उठून आत गेले. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही. पर्समधलं व्हाइटनर काढलं आणि स्क्रूच्या डोक्यावरून खाली कार्बोरेटरच्या अंगापर्यंत एक बारीक पांढरी रेघ ओढली. आता स्क्रू हादऱ्यानं केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटणार आणि मला कळणार. प्रयोग असाच करायचा असतो, मुलांना मी हेच शिकवते.

मंगळवारी सकाळी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. तापू दिली. स्लो कालच्यासारखीच. रेघ सरळ. आप्पांनी ऐकलं, मान हलवली, बंद केली आणि टोपी घालायला आत गेले. मी हात धुवायला न्हाणीत गेले. माय ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, म्हणाली, "चहा ठिवलाय चुलीपाशी, पिऊन जावा." आम्ही दोघं चहा प्यायलो.

निघताना मी किल्लीसाठी हात पुढं केला. आप्पांनी दिली नाही. "आज देवीचा वार हाय. म्याच चालवीन. तू माघं बस, कान लावून ऐक. तुझा कान चांगला हाय." टोमणा पोचला. मी मागं बसले.

गाव सुटेपर्यंत गाडी छान पळाली. ओढ्याच्या पुलाजवळ म्हशी आडव्या आल्या, आप्पांनी मूठ सोडली आणि इंजिन धडपडलं. त्यांनी लगेच मूठ देऊन सावरलं. मला वाटलं, हिवाळा आहे, असेल. आणि मी त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले. कुठलीही बाजू बघायची तर ते नुसते डोळे फिरवत नव्हते, सगळी मान फिरवत होते, आणि फिरवायला उशीर करत होते.

आमच्या फाट्यावर हायवेला कट आहे. अलीकडचा रस्ता ओलांडायचा, दुभाजकापाशी थांबायचं, मग पलीकडचा. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस. अलीकडचा रस्ता आम्ही नीट ओलांडला. दुभाजकाशी त्यांनी मूठ धरूनच ठेवली होती, इंजिन गुरगुरत होतं. त्यांनी डावीकडं मान वळवली, परत समोर घेतली आणि निघाले. बरोबर रस्त्याच्या मध्यावर पलीकडून एक सायकलवाला आडवा आला. त्यांनी मूठ सोडली आणि गाडी गप्प झाली.

डावीकडून ट्रक येत होता. लांब होता, पण फार लांब नव्हता. आप्पा सावकाश पाय उचलून किक शोधत होते.

"आप्पा, ट्रक."

"कुठाय?"

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं. ट्रक त्यांच्या डाव्या खांद्याच्या रेषेत होता, दिवसाढवळ्या, आणि ते समोर बघत विचारत होते की कुठाय. मी उडी मारली आणि मागचं कॅरियर धरून गाडी त्यांच्यासकट ढकलली. हॉर्न वाजत राहिला. ब्रेकचा आवाज आला, रबर जळाल्याचा वास आला, आणि ट्रक आमच्या मागून गेला. ड्रायव्हर काहीतरी बोलला. ते आम्हाला उद्देशूनच होतं आणि आमची लायकी तीच होती.

कडेला मातीत मी गुडघ्यावर बसले. बसलेच आहे तर कार्बोरेटर बघितला. पांढरी रेघ तुटली होती. तुटली म्हणजे केसभर सरकली नव्हती. तिचा अर्धा तुकडा स्क्रूच्या डोक्याबरोबर फिरून भलत्याच बाजूला गेला होता. किल्लीच्या टोकानं स्क्रू आत घ्यायला लागले, मोजत. दीड आटा घेतला तेव्हा रेघ जुळली. नवी स्प्रिंग असताना तीन किलोमीटरच्या हादऱ्यानं स्क्रू दीड आटा फिरत नाही. त्याला माणसाचा हात लागतो.

"तुम्ही परत हात लावलात ना?" मी ओरडले. "काल ऐकलं नाही म्हणून आज लावलात ना?"

"न्हाय बाई," ते म्हणाले. एवढंच. ते टोपी काढून मातीत बसले होते, आणि हातांकडे बघत होते. मी आणखी दोन-तीन गोष्टी बोलले. त्या इथं लिहीत नाही.

येरमाळा राहिलं. मी गाडी चालवत घरी आणली, ते मागं बसले. वाटेत चार ठिकाणी मुद्दाम थांबून मूठ सोडली. चारही ठिकाणी डुग, डुग, डुग.

आप्पा ओसरीवर टेकले. मी आत पाणी प्यायला गेले. मशीनचा आवाज थांबला आणि माय म्हणाली, "कुठं बंद पडली?"

मी तांब्या खाली ठेवला. गाडी बंद पडली असं मी सांगितलेलं नव्हतं. आम्ही तर चालू गाडीवरून अंगणात आलो होतो.

मशीनच्या पाट्यावर तिचा छोटा पेचकस पडला होता, दोऱ्याचा ताण बसवायचा. उचलून बघितला. टोकाला पांढरं लागलं होतं.

"रस्त्याच्या मधोमध बंद पडली," मी म्हणाले. "हायवेच्या. डावीकडून ट्रक येत होता आणि आप्पांना तो दिसला नाही."

मायनं मशीनचं चाक घट्ट धरलं. मग बोलायला लागली ती थांबेना. डॉक्टरांनी बार्शीतच सांगितलं होतं, गाडी बंद करा, कडेचं यांना दिसत नाही. आप्पा म्हणाले, पोरीला सांगायचं न्हाय. मग माय मागं बसून जायला लागली. डावीकडून काही आलं की डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडून आलं की उजव्या. दीड वर्ष दोघं असे फिरले. गावाला वाटायचं, म्हातारा-म्हातारीला या वयात हौस आलीय.

"मग माझा गुडघा गेला. मला बसता येईना, त्ये एकटे जायला लागले. बोलून बघितलं, भांडून बघितलं. किल्ली लपवली तर दोन दिस जेवले न्हायत." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हणून दिवाळीपासून त्यो स्क्रू. त्ये चहाला आले की ढिला करायचा. मला वाटलं, पुढं बंद पडंल, किका मारून दमतील, माघारी येतील. येत व्हते बी. मशीनचा ताण बिघडला की दोरा तुटतो, काम थांबतं, कुणी मरत न्हाय. रस्त्याच्या मधी बंद पडंल ह्ये माझ्या डोक्यात आलंच न्हाय गं."

पाव पाव आट्याचा हिशेब गावात तिच्याइतका कुणाला कळतो? मी परातीत जेटा धुवत बसले होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही, कारण दारात आप्पा उभे होते.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. मायलाही तेच वाटलं असावं, तिनं डोळे मिटून घेतले.

"कवापासून म्हणलीस?"

"दिवाळीपासून."

"किती फिरवत व्हतीस?"

"दीड आटा."

ते चौकट धरून खाली बसले. खांदे हलायला लागले. आप्पांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, म्हणून ते रडतायत हे कळायला मला वेळ लागला.

"डोळे चाललेत ह्ये मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "त्येचं येवढं न्हाय. पर रोज बसवलेली स्लो रोज उतरायची. म्या म्हणलं, कान बी गेला. हात बी गेले. आता म्या कशाचाच राह्यलो न्हाय. ही बी काल म्हणली, कान गेला म्हणून."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. ते रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

माय तशीच लंगडत उठली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. गुडघा वाकत नव्हता, तो पाय तिनं सरळ पुढं पसरला. "आवं, हाताला काय बी झालं न्हाय तुमच्या," ती म्हणाली. "म्या दीड आटा ढिला केला तरी तुमी तशीच न्हेत व्हता गाडी, मूठ धरून. दुसरा कुणी अंगणातनं बी न्हेऊ शकला नसता."

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "काल पळत व्हती का न्हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी अंगणात जाऊन गाडी चालू केली. तापू दिली, आणि पहिल्यांदाच नीट ऐकली. पळत होती. थोडीशी, पण पळत होती. आत जाऊन मी त्यांना तसं सांगितलं आणि सोमवारची माफी मागितली. त्यांनी हातानं जाऊ दे अशी खूण केली.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्लो बसवली. मी बाजूला उभी राहिले आणि तोंड बंद ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, डावा तळवा टाकीवर ठेवला आणि उजव्या हातानं पेचकस फिरवला. पाव आट्याहूनही कमी. ठोके सावकाश झाले, एकसारखे झाले, आणि तसेच राहिले.

येडशीमार्गे धाराशिवपर्यंत मी चालवली. ते मागं बसले. मला धाकधूक होती ती पीयूसीची. यंत्रावरच्या पोरानं नळीत सळई घातली, पडद्यावर आकडे हलायला लागले, आणि मी पडद्याला डोळे लावून उभी राहिले. आप्पा यंत्राकडे बघतसुद्धा नव्हते. कान इंजिनकडे होता. आकडे स्थिरावले, कागद निघाला. पुढं तपासणीही झाली. साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, स्लोवर उभी असलेली गाडी थोडा वेळ ऐकली आणि विचारलं, मेकॅनिक कोण? आप्पांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. येताना दोघांनी मिळून अर्धा किलो पेढे घेतले.

घरी आल्यावर माय दारातच उभी होती. मी मान हलवली. तिनं हात जोडले, पण चेहरा सुटला नाही. गाडी पास झाली होती, म्हणजे पुढचा मंगळवार येणार होता. तिची नजर किल्लीवर होती, आणि माझीही.

आप्पांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. खिशातून पेचकस काढला, तोच, मशीनचा, सकाळी स्लो बसवलेला. दोन्ही घेऊन आत गेले आणि मशीनसमोर उभे राहिले. खण कुठं आहे ते त्यांनी हातानं चाचपून बघितलं, उघडला आणि दोन्ही आत ठेवलं, बॉबिनांच्या शेजारी.

"हितं राहू दे," ते मायला म्हणाले. "पोरगी आली की तिला दे. मला लागलं तर म्या तुझ्याकडं मागीन."

"आन् मागितलं तर म्या न्हाय म्हणीन," माय म्हणाली.

"तर म्या माघारी ओसरीवर जाईन," आप्पा म्हणाले, आणि पेढ्याचा पुडा सोडायला बसले.